बिनसुईचा हार

मासिकाच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, दिवाळी अंकासाठी फुलांच्या सुगंधी आठवणी लिहून द्या." मी विचारलं, ओल्या पोत्यात बांधून आलेली गुलछडी दुसऱ्या दिवशी कशी घाण मारते, ठाऊक आहे का? त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते. चाळीस वर्षं माझी नखं हिरवी होती, बोटांना सुईची भोकं होती आणि दोन्ही गुडघे त्या कामात गेले. तेव्हा सुगंध बाजूला ठेवते आणि जे घडलं ते सांगते. त्यात माझी फजिती आहे, पण आता मी लाजायचं कुणाला?

आम्ही चिंचवडचे फुलारी. गणपतीच्या देवळाबाहेर माझ्या सासूबाईंची बसायची जागा, तीच पुढे माझी झाली. रोजचं काम देवाच्या हारांचं. सत्यनारायण असला की केळीचे चार खुंट, लग्न असलं की दोन हार, मुंडावळ्या आणि नवरीला वेणी. मराठी लग्नात फुलाऱ्याला एवढंच काम. वरमाईला मान लागतो, जेवणाऱ्यांना जिलबी लागते, फुलांकडे कोण बघतो? आमचा हार म्हणजे लांब सुई, सुती दोरा, फुलाच्या पोटातून सुई घालायची आणि सरकवायचं. खाली एक गोंडा. तासाभरात चार हार होतात. तोंड बंद ठेवलं तर सहा होतात, पण तोंड बंद ठेवून हार करणारी बाई मी अजून पाहिली नाही.

मग पिंपरीच्या माळावर कंपनी उभी राहिली. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. जिथं आदल्या वर्षी शेळ्या चरत होत्या तिथं साहेबांची कॉलनी झाली, प्रत्येक बंगल्यापुढे मेंदीचं कुंपण आलं. त्या साहेबांत बरेच मद्रासी होते. मद्रासी म्हणजे कोण, तर सोलापूरच्या खाली राहणारा जो कोणी असेल तो. त्यांच्यात चार भाषा असतात आणि चार तऱ्हेची लग्नं असतात, हे आम्हांला कुठं माहीत? त्यांनाही आम्ही सगळे मराठे वाटत होतो, तेव्हा फिट्टंफाट झाली.

माझे यजमान दत्तोबा. माणूस कष्टाळू, पण एक खोड होती. कुठल्याही गोष्टीला "मला येत नाही" म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. हिशेबखात्यातले व्यंकटरामन साहेब मुलीच्या लग्नाच्या फुलांसाठी आमच्या दुकानावर आले, तेव्हा त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "आमच्या पद्धतीचं काम येतं का?"

"साहेब," हे म्हणाले, "मद्रासला दोन वर्षं काढलीत मी. तेच करत होतो."

मी हार ओवता ओवता थांबले. हा माणूस आयुष्यात एकदा सोलापूरला गेला होता, तेही चुलतभावाच्या मयताला.

साहेबांनी यादी सांगितली. दारात घड लागलेल्या दोन मोठ्या केळी. नारळाच्या कोवळ्या पानांचं तोरण. नवरा-नवरीला बसायला झोपाळा, त्याच्या साखळ्या फुलांनी झाकायच्या. आणि दोन हार, दंडाएवढे जाड, गुडघ्यापर्यंत लांब. हे प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, "नेहमीचंच आहे, साहेब, नेहमीचंच." साहेब गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढा जाड हार? नवरदेवाच्या गळ्यात घालायचाय का बैलाच्या?"

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा हार घेऊन मी कॉलनीत गेले. मोठ्या दिमाखानं केला होता, गुलाब आणि गुलछडी, मध्ये जरीचे तुकडे. साहेबांची आई बाहेर आली. तिला घरात सगळे पाटी म्हणत, पाटी म्हणजे त्यांच्यात आजी. अंगानं चिमणीएवढी, नऊवारीसारखं कासोट्याचं लुगडं आणि दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या. तिनं हार हातात घेतला, एक गुलाब उलटा केला, देठाजवळचं सुईचं भोक पाहिलं. मग हार दोन्ही हातांत धरून असा हिसका दिला की माझी सगळी फुलं व्हरांड्यात पसरली.

"वेण्डाम," ती म्हणाली. नको. तेवढा एक शब्द मला त्या दिवशी आला, तो अजून विसरलेले नाही.

मी पदर खोचला आणि भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून राजम आली. हीच नवरी मुलगी. वीस-एकवीसची, दोन वर्षं पुण्याच्या कॉलेजात जाऊन मराठी शिकलेली. ती म्हणाली, "रागावू नका हं. पाटी म्हणते, सुई टोचलेलं फूल आमच्या घरात नवरीला घालत नाहीत. फूल बांधायचं, टोचायचं नाही. आणि पाटी म्हणते, हा हार तुटेल."

"तुटला तर तुटला, दुसरा करून देईन."

राजमनं अगदी सरळ सांगितलं. "माझं एकदा ठरलं होतं. निश्चयाच्या दिवशी समई विझली. खिडकी उघडी होती, वारा आला. मुलाची आई उठली आणि निघून गेली. तेव्हापासून तीन स्थळं आली, तिघांनी समईचं ऐकलं आणि फिरले. आत्ताच्या लोकांना पाटीनं स्वतः सगळं सांगितलं आणि त्यांनी हो म्हटलं. पण मुलाची आई फार शकुन बघते. आमच्यात हार तीनदा बदलतात. त्यात हार तुटला तर ती पण उठेल."

आता बोला. मी हारवाली बाई, माझ्या दोऱ्यावर कुणाचं लग्न टांगलेलं असेल असं माझ्या बापजन्मात मनात आलं नव्हतं. मी खाली बसले आणि म्हटलं, "शिकव म्हणावं मला."

त्यापुढे पंधरा दिवस रोज दुपारी मी पाटीच्या व्हरांड्यात होते. बाहेरच्यांना सांगते, ते काम कसं असतं. केळीच्या खोडाचं सोपट सोलायचं, त्याचे बारीक दोरे काढायचे आणि ओले ठेवायचे. ते वाळले की कटकन मोडतात. दोन फुलं समोरासमोर धरायची, त्यांचे देठ एकमेकांवर, बोटावर दोऱ्याचा फास घेऊन देठांवर टाकायचा आणि ओढायचा. फार ओढला तर देठ कापतो, कमी ओढला तर फूल निसटतं. असे एका हारात पाच-सहाशे फास. फूल कुठंही टोचलं जात नाही आणि हार ओढला तर आणखी घट्ट बसतो. कोकणातल्या बायकांना हे येतं असं मला नंतर कळलं. आम्हां देशावरच्या बायकांना सुई ठाऊक, आणि सुईनं आम्ही काय काय करतो याचा आम्हांला भारी गर्व.

पाटीला मराठी येत नव्हती, मला तिची भाषा येत नव्हती. शिकवणी मारानं चालली. फास चुकला की ती बोटावर टिचकी मारी. बरोबर आला तर काही नाही, पुढची दोन फुलं हातात देई. पंधरा दिवसांत तिनं मला एकदाही शाबासकी दिली नाही. मी घरी येऊन तिला मनसोक्त शिव्या घालत असे आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी जाऊन बसत असे.

लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं सरळ चाललं होतं. तोरण झालं. झोपाळ्याच्या साखळ्यांची मापं घेतली. यांनी कुरुळीच्या आमच्या मावसभावाच्या बागेतून बैलगाडीनं दोन केळी आणल्या. पुरुषभर घड, त्याखाली लोंबणारी तांबडी केळफुलं. चिंचवडला घरापुढे गाडी उभी केली, बैलांना पाणी दाखवलं, हे जेवायला बसले. तेवढ्या अवधीत माझ्या सासूबाई कोयता घेऊन गाडीवर चढल्या.

मी बाहेर आले तर सासूबाई ओट्यावर, हाताला तेल चोपडलेलं, पुढ्यात परात, परातीत ताक, आणि दोन्ही केळफुलं बारीक चिरून त्या ताकात.

"अहो, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजी?" सासूबाई म्हणाल्या. "घड भरल्यावर केळफूल कापत्यात, येवढं बी कळत न्हाई व्हय तुला? बागवानानं ठिवलं ही त्याची चूक. मद्रासी दारात लावनार, उद्या बैल खानार. त्यापरीस भाजी झाली तर काय वाईट हाय?"

त्यांचंही खरंच होतं. बागेत केळफूल कापतातच. आणि जाणत्या बाईपुढून दोन केळफुलं नुसती निघून गेली असती तर तिचा जीव तळमळला असता. हे म्हणाले, "कुणाच्या लक्षात येतंय? घड आहे ना?" आणि गाडी हाकली.

कॉलनीच्या फाटकात पाटी उभीच होती. तिनं घड पाहिला, खालचा कापलेला दांडा पाहिला, त्यातून अजून चीक गळत होता. ती काही ओरडली नाही. तिथंच पायरीवर बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. राजमनं सांगितलं, फूल कापलेली केळ म्हणजे वंश खुंटलेली केळ. वऱ्हाड संध्याकाळी येणार आणि मुलाची आई पहिल्यांदा दारच बघणार.

व्यंकटरामन साहेबांनी कंपनीची लॉरी मिळवली. हे त्या लॉरीतून पुन्हा कुरुळीला गेले. केळफुलासकट केळ मिळायला त्यांना चार मळे हिंडावे लागले, कारण त्या मोसमात बाकी सगळ्या बागवानांनी शहाण्यासारखी केळफुलं कापली होती. वऱ्हाड यायच्या वेळी फाटकात आम्ही नुसतं तोरण लावलं आणि दाराच्या दोन्ही अंगांना व्यंकटरामन साहेब आणि त्यांचे मेहुणे गुलाबपाणी घेऊन उभे राहिले, म्हणजे केळीची जागा भरलेली दिसावी. साहेब तसे उंच होते. खपून गेलं.

हे परत आले ते दिवस उजाडताना, केळी घेऊन. पण मधल्या वेळात दुसराच घोळ झाला होता. सोपटाचे दोरे काढायचं काम यांचं. आदल्या दुपारी काढलेले दोरे बैलगाडीच्या गडबडीत उन्हात राहून गेले आणि पार वाळले. पहाटे फुलं आली, मी भिजवलेले म्हणून जे दोरे उचलले ते मोडायला लागले. धडपडत, वेचून वेचून एक हार फासांनी पुरा केला. दुसऱ्यापुरता एकही दोरा नव्हता. नवे काढून, ओले करून सहाशे फास घालायला तीन-चार तास तरी हवेत, आणि हारांची वेळ तासावर आली.

मग मी जे केलं ते केलं. कमरेची पिशवी उघडली, सुई काढली, सुती दोरा घेतला आणि दुसरा हार ओवला. अर्ध्या तासात झाला. वरून वाळलेलं सोपट गुंडाळलं, म्हणजे बांधलेला दिसावा. सुई नेहमीच्या सवयीनं खांद्याशी पदरात टोचली आणि दोन्ही हार परातीत घालून मांडवात गेले. मनात म्हटलं, दोरा दुहेरी घेतलाय, तीनदा बदलायला काय होतंय? यांच्या "नेहमीचंच आहे, साहेब"ला मी जन्मभर हसत आले होते. त्या सकाळी मी तेच केलं.

मांडवात आणखी एक धक्का बसला. नवरदेव धोतर-उपरण्यात, हातात छत्री, काखेत पोथी, पायांत नव्या वहाणा, असा तरातरा फाटकाकडे निघाला. माझ्या सासूबाई भाजीचा डबा घेऊन लग्न बघायला आल्या होत्या. त्या मटकन खाली बसल्या. "गेला की गं," म्हणाल्या, "माझ्या केळफुलापायी गेला." मग कळलं, ती त्यांची रीत. नवरा काशीला निघाल्याचं सोंग करतो आणि मुलीचा बाप त्याला समजावून परत आणतो. आमच्या मुंजीत बटू करतो तसंच. आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या सासूबाईंनी त्याचं उपरणं धरलं नसतं.

मग हार. त्यांच्यात मामा लोक नवरा-नवरीला खांद्यावर उचलतात आणि हार घालू द्यायचा नाही म्हणून मागे सरतात, पुढे येतात. सगळे हसतात. मी हसत नव्हते. पहिल्यांदा हार बदलले, नीट. दुसऱ्यांदा बदलले, नीट. मी पाहिलं, सुईचा हार आता राजमच्या हातात होता. तिसऱ्या वेळी तिनं तो नवरदेवाच्या डोक्यावरून टाकला आणि त्याच घटकेला त्याचा मामा मागे सरकला. हार त्याच्या कानाला अडकला, ताणला, आणि तुटला. गुलाब आणि गुलछडी नवरदेवाच्या अंगावरून खाली घरंगळली.

नादस्वरवाला, म्हणजे त्यांचा सनईवाला, वाजवत होता तोही थांबला. मुलाची आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, जाडजूड, कडक इस्त्रीच्या रेशमी लुगड्यात. ती हळूहळू उठली.

मी पाटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. पंधरा दिवस त्या म्हातारीनं मला टिचक्या मारून शिकवलं होतं आणि तीन-चार तास वाचवायला मी तिच्या नातीचा गळा कापला होता. नवरदेवाच्या उजव्या खांद्यावर एक गुलाब अडकून राहिला होता. तो दिसला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. देवळापुढे बसून बसून मी आयुष्यभर जे ऐकलं होतं तेच बाहेर आलं.

"कौल दिला," मी मोठ्यानं म्हटलं. "देवानं उजवा कौल दिला. बघा, उजव्या खांद्यावर फूल आलं. आमच्या गणपतीपुढे लोक तास तास बसतात, उजवं फूल पडावं म्हणून. ह्यांना न मागता मिळालं."

कुणालाच काही कळलं नाही. दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता मला फाटकाबाहेर काढतील. मग मामाच्या खांद्यावरून राजम बोलायला लागली. तिच्या भाषेत, घाई न करता, बरीच लांबण लावून. माझं बोलणं इतकं मोठं नव्हतं, पण मला वाटलं, त्यांच्या भाषेत शब्द लांब असतात. ती माझ्याकडे बोट दाखवत होती, मग देवळाच्या दिशेला, मग त्या गुलाबाकडे. तिचं बोलणं संपलं आणि मुलाची आई खाली बसली. चांगली खुर्चीला चिकटून बसली. कुणीतरी हसलं, नादस्वर सुरू झाला, पाटीनं फासांचा हार नवरदेवाच्या गळ्यात घालायला लावला आणि राजमच्या गळ्यात आपल्या देवघरातला तुळशीचा हार आणून घातला. लग्न लागलं.

जेवणं उरकल्यावर पाटी माझ्याकडे आली. तिच्या हातात जमिनीवरचा एक गुलाब होता. तिनं तो उलटा करून मला दाखवला. देठाजवळ भोक होतं. मी मान खाली घातली. तिनं माझ्या खांद्याशी हात नेला, मला वाटलं, आता मारते. तिनं पदरातली सुई काढली. दोरा अजून तिच्यात होता, सकाळपासून ती दीडशे माणसांपुढे माझ्या खांद्यावर चमकत होती. पाटीनं दोरा तोडला, सुई आपल्या कमरेच्या चंचीत टाकली आणि मला हाताला धरून पानावर बसवलं. स्वतः वाढलं. पायसम दोनदा वाढलं.

त्यानंतर आमचं नाव झालं, आणि ते कशानं झालं ते ऐका. महिन्याभरात कॉलनीतलेच एक स्टोअरबाबू आले. त्यांच्या बहिणीचं लग्न होतं. म्हणाले, "हार तर पाहिजेतच. पण तो तुमचा चिंचवडचा कौल पण पाहिजे. मुलाकडच्यांनी मुद्दाम लिहिलंय." मी म्हटलं, कौल काय मागून मिळतो? तर हे पाठीमागून म्हणाले, "मिळेल, साहेब. नेहमीचंच आहे."

मग काय विचारता. आकुर्डीपासून खडकीपर्यंत मद्रासी लग्न म्हटलं की तिसऱ्या बदलाला तुटणारा हार हवाच. मी दोरा अर्धा कापून ठेवायची. एका ठिकाणी तो पहिल्याच वेळी तुटला, तर वधूपित्यानं नापसंती दाखवली की कौल लवकर आला. एका ठिकाणी तुटलाच नाही, मामानं दोन्ही हातांनी धरून तोडला. एका साहेबांनी तर दोन्ही खांद्यांवर कौल मिळेल का असं विचारलं. त्यांच्या पुरोहितानं ही फार जुनी रीत असल्याचा संस्कृत आधारही सांगितला. हळूहळू मराठी लोकही विचारायला लागले, तेव्हा मात्र मी हात जोडले. आपल्या माणसांना फसवायला जीव होईना, असं नाही. त्यांना एवढा महाग हार परवडला नसता.

मनातून मात्र मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू? राजमचं लग्न माझ्या जिभेनं वाचलं, हे मी वीस-बावीस वर्षं ज्याला त्याला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, सुनांना सांगितलं, देवळापुढे फुलं घ्यायला येणाऱ्या अनोळखी बायकांनाही सांगितलं. एक गोष्ट सांगत नव्हते, ती म्हणजे सुई.

मग एक दिवस राजम आली. केसांत पांढरं आलं होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पुण्यातच होणार होतं. मी तिला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "मग, कौलाचा हार ना?"

"नको," ती म्हणाली. "बिनसुईचा. दोन्ही." आणि तिनं पर्समधून एक छोटी डबी काढून माझ्या हातात दिली. आत माझी सुई होती. "पाटी गेली तेव्हा तिच्या कुंकवाच्या पेटीत निघाली. तिनं मला लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाली, बाईला शिक्षा झाली आहे, तू काही बोलू नकोस."

मी म्हटलं, "पण राजम, चूक माझी असली तरी निभावली पण मीच ना? मी कौल म्हटलं म्हणून तुझी सासू बसली."

राजम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कसली बसते ती कौलानं? तिला तुमचा कौल काय माहीत? मी काय सांगितलं ते तुम्हांला कधी कळलंच नाही का?"

"काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, ही बाई इथल्या देवळातली आहे. ती सांगते, ह्या गावात हार तुटला की देव मांडवात येतो. आणि देव आलेला असताना जी बाई उठून जाईल, तिच्या घरात सात वर्षं दुसरं लग्न होत नाही. माझ्या सासूला अजून तीन मुलगे उजवायचे होते."

मामाच्या खांद्यावर बसलेली ती पोर मला दिसली. एकदा समई विझली तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. दुसऱ्यांदा बसली नाही. आणि बावीस वर्षं मी तिच्या अकलेचं श्रेय खाल्लं होतं, सासूबाईंनी ते केळफूल खाल्लं तसं, मिटक्या मारत.

लग्नाचे हार मी केले. हे तेव्हा नव्हते, सोपटाचे दोरे मीच काढले आणि ओल्या फडक्याखाली ठेवले. बोटं वळत नव्हती, दोन हारांना दीड दिवस लागला. मांडवात माझ्याशेजारी बसलेली एक बाई तीनही वेळा मान उंच करून बघत होती आणि शेवटी हिरमुसून म्हणाली, "आज कौल नाही का?" मी म्हटलं, "आज नाही." हार तुटला नाही. मुलाची आई आपल्या जागी बसून होती, तिला काही सांगावं लागलं नाही.